रक्ताचा हिशेब मांडणारा माणूस

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेत परकीय चलनाच्या विभागात अधिकारी होतो. युरोपची सहल करून आलेले एक गृहस्थ उरलेल्या नोटा मोडायला आले. त्यांत ऑस्ट्रियाची हजार शिलिंगची एक कोरी नोट होती. परकी नोट हाती आली की ती उजेडाकडे धरून पाहायची, हे आमचे रोजचे काम. पण त्या दिवशी मी नोटेवरच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिलो. तो राजाचा चेहरा नव्हता, सेनापतीचाही नव्हता. मिशा राखलेला, गंभीर मुद्रेचा एक पोक्त माणूस, आणि नाव कार्ल लँडस्टायनर. गृहस्थांचे पैसे मी चुकते केले, पण मन काही पुन्हा कामात लागेना. या माणसाचे आणि आमच्या पनवेलच्या घराचे एक जुने नाते होते. ते मला स्वतःलाही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळले होते.

आमचे घर जुन्या पनवेलमधले. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते; जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. माझा जन्म १९५९ चा. मी घरातले पहिले मूल. बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून, सुखरूप झाले. १९६२ साली मला भाऊ झाला. तो जन्मला तेव्हा चांगला रडला म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याचे अंग हळद लावल्यासारखे पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी तो दूध ओढेनासा झाला, मान मागे टाकू लागला, आणि पाचवी पुजायच्या आत गेला. सटवाईने नशीब लिहावे म्हणून आजीने कोरा कागद आणि बोरू आधीच आणून ठेवला होता. तो तसाच फडताळात राहिला. १९६५ साली आई पुन्हा बाळंत झाली. ते मूल पोटातच गेले होते, सगळ्या अंगाने सुजलेले. त्यानंतर आमच्या घरात पाळणा हलला नाही.

लोक बोलायचे ते बोललेच. कोणी कुलदैवताचा कोप म्हटले, कोणी आईला पांढऱ्या पायाची ठरवले. घरातल्यांनी तोंडावर काही म्हटले नाही, पण शेजारी बारसे असले की आईला बोलावणे उशिरा येई, हे मला लहानपणीही कळत असे. आईने सोमवार धरले, नवस केले, आणि हळूहळू ती कमी बोलू लागली. तिचे रक्त तपासून पाहावे, असे त्या काळी आमच्या गावात कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते. ते सुचायला ज्या माणसाची विद्या लागली असती, तो लँडस्टायनर १९४३ सालीच निवर्तला होता.

त्याचा जन्म १४ जून १८६८ चा, ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या परिसरातला. वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातले नामांकित पत्रकार आणि वृत्तपत्राचे संपादक. कार्ल सहा वर्षांचा असताना ते वारले. आई फॅनीने एकुलत्या एका मुलाला वाढवले. या मायलेकरांचा एकमेकांवर विलक्षण जीव होता. १९०८ साली आई गेली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा ठसा घेतलेला मुखवटा त्याने करवून घेतला आणि पुढे जन्मभर आपल्या भिंतीवर ठेवला. त्याने लग्न केले तेही आई गेल्यानंतर, १९१६ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आईवेड्या माणसाचे शास्त्र शेवटी आई आणि मूल यांच्यातल्या कोड्यापाशी जाऊन पोहोचावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

१८९१ साली तो व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाला. पण रोग्याच्या उशाशी बसणे हा त्याचा पिंड नव्हता. पदवी घेऊन तो रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडला. वुर्झबर्गला एमिल फिशर यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. परत आल्यावर त्याला काम मिळाले ते शवविच्छेदनाच्या विभागात. सुमारे दहा वर्षांत त्याने साडेतीन हजारांहून अधिक शवे तपासली. दिवसा मृतांचे काम आणि उरलेल्या वेळात परीक्षानळ्या, असा त्याचा क्रम. उंच, अबोल, गर्दीला बुजणारा, पियानो उत्तम वाजवणारा असा हा माणूस. स्वतःच्या कामाविषयी तो इतका साशंक असे की कोणताही निष्कर्ष पुन्हा पुन्हा पडताळल्याशिवाय कागदावर उतरत नसे.

त्या काळी एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जुगार होता. कधी रोगी तरून जाई, कधी थंडी वाजून, लघवी काळी होऊन मरे. लँडस्टायनरने १९०० साली एका निबंधाच्या तळटीपेत लिहून ठेवले होते की निरोगी माणसाचा रक्तद्रवही दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. तळटिपेचा खुलासा त्याने पुढच्या वर्षी केला. त्याने स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेतले, पेशी आणि रक्तद्रव वेगळे केले, आणि प्रत्येकाचा रक्तद्रव प्रत्येकाच्या पेशींत मिसळून पाहिला. गुठळी झाली तर अधिक, नाही झाली तर उणे. आडवे रकाने, उभे रकाने. तो तक्ता मी प्रथम पाहिला तेव्हा मला बँकेतल्या तेरजेची आठवण झाली. इतका साधा हिशेब, की तो आधी कोणी का मांडला नाही याचेच आश्चर्य वाटावे. त्यातून माणसांचे तीन गट निघाले: ए, बी आणि सी. सी लाच पुढे ओ म्हणू लागले. चौथा एबी गट त्याच्या सहकाऱ्यांनी १९०२ साली शोधला.

आपल्या भाषेत रक्ताच्या नात्याला फार मोठे स्थान आहे. या तक्त्याने त्या कल्पनेला एक निराळेच वळण दिले. सख्ख्या भावाचे रक्त भावाला चालेलच असे नाही आणि वाटेवरच्या परक्याचे चालूही शकते, हे त्याने दाखवले. जात, कूळ, धर्म यांतले काहीही परीक्षानळीला कळत नाही.

१९०४ साली त्याने ज्युलियस डोनाथ यांच्याबरोबर आणखी एक विचित्र रोग उलगडला. काही रोग्यांना थंडी बाधली की त्यांची लघवी लालकाळी होई. या दोघांनी दाखवले की त्या रोग्यांच्या रक्तात एक असा पदार्थ असतो, जो गारव्यात स्वतःच्याच तांबड्या पेशींना चिकटतो आणि शरीर पुन्हा ऊबेत आले की त्या पेशी फुटतात. शरीर स्वतःच्या रक्ताचा नाश करू शकते, हे तेव्हा नवे होते. १९०८ साली त्याने पोलिओचा रोग माकडांत उतरवून दाखवला आणि त्या रोगाचे कारण विषाणू असल्याकडे बोट दाखवले. एवढे करूनही व्हिएन्नात त्याला त्याच्या योग्यतेचे स्थान मिळाले नाही. तो एका रुग्णालयात शवविच्छेदन विभागाचा प्रमुख म्हणून काम करत राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्न नव्हते, जळण नव्हते. घरात बायको हेलेन आणि तान्हा मुलगा. १९१९ साली त्याने देश सोडला आणि हॉलंडमधल्या हेग शहरी एका छोट्या कॅथलिक रुग्णालयात नोकरी धरली. काम काय, तर रोग्यांच्या लघवीच्या आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या. ज्याच्या नावावर रक्तगटांचा शोध आहे, त्या पन्नाशी उलटलेल्या माणसाने तीन वर्षे हे काम बिनतक्रार केले, आणि त्यातूनच वेळ काढून शोधनिबंध लिहिले. १९२२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्याला बोलावून घेतले. १९३० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते १९०१ सालच्या त्या तक्त्यासाठी. हिशेब मांडणे आणि त्याची पोच मिळणे यांत जवळपास तीस वर्षे गेली होती.

त्याच्या चरित्रातला एक प्रसंग मात्र अवघडलेला आहे. तो ज्यू घराण्यात जन्मला होता आणि तरुणपणीच, १८९० साली, कॅथलिक झाला होता. १९३७ साली अमेरिकेतल्या ज्यू व्यक्तींच्या एका परिचयकोशात त्याचे नाव आले, तेव्हा ते वगळावे म्हणून तो न्यायालयात गेला. युरोपात तेव्हा रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली माणसे हाकलली जात होती. रक्ताला कुळाशी काही देणेघेणे नसते हे ज्याने दाखवले, त्यालाच आपल्या कुळाची भीती वाटावी, हा काळाचा न्याय म्हणायचा. त्या भीतीबद्दल त्याला दोष द्यायला मला तरी जीभ उचलत नाही.

आमच्या घराशी जोडणारा धागा त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटी येतो. १९४० साली तो बहात्तर वर्षांचा होता आणि नावापुरता निवृत्त झाला होता. अलेक्झांडर वीनर या तरुण सहकाऱ्याबरोबर त्याने ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या तांबड्या पेशी सशांना टोचल्या. सशांच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार झाली, ती माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिली. न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या माणसांपैकी शंभरात सुमारे पंच्याऐंशी जणांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. ज्यांच्या झाल्या ते आर-एच पॉझिटिव्ह, बाकीचे निगेटिव्ह. आपल्याकडे निगेटिव्ह माणसे शंभरात साधारण पाच.

त्याच सुमारास त्याचा जुना सहकारी फिलिप लेव्हिन एका बाईच्या रक्तापाशी अडला होता. तिचे मूल पोटात दगावले होते, आणि नवऱ्याचे रक्त चढवताच ती अत्यवस्थ झाली होती. १९४१ साली लेव्हिनने कोडे सोडवले. आई निगेटिव्ह आणि मूल पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात वार सुटताना मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात जाते. आईचे शरीर त्याला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पहिले मूल तोवर बाहेर आलेले असते, त्याला सहसा काही होत नाही. पण ही प्रतिपिंडे आईच्या रक्तात राहतात, पुढच्या खेपेस वारेतून पोटातल्या मुलाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडत सुटतात.

पेशी फुटली की तिच्यातल्या तांबड्या द्रव्याचे पिवळे द्रव्य होते. त्याला बिलिरुबिन म्हणतात. मूल पोटात असेपर्यंत त्याचा निचरा आई करते. जन्मानंतर ते काम बाळाच्या कोवळ्या यकृताला करावे लागते आणि ते त्याला झेपत नाही. मग पिवळेपणा कातडीवर दिसतो, आणि फारच वाढला तर मेंदूत उतरतो. बाळ दूध सोडते, धनुकलीसारखे वाकते. जे जगते ते पुष्कळदा बहिरे होते किंवा त्याच्या हातापायांवर त्याचा ताबा राहत नाही. पेशींचा नाश पोटातच फार झाला, तर रक्त उरत नाही, अंगात पाणी साठते आणि मूल सुजून जाते. माझ्या दोन्ही भावंडांची कहाणी या चार वाक्यांत आली.

१९८४ साली बँकेतल्या रक्तदान शिबिरात माझा गट कळला होता, ओ पॉझिटिव्ह. १९८७ साली आईच्या पोटाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा तिचा कळला, ओ निगेटिव्ह. डॉक्टरांनी मुले किती झाली असे विचारले. मी सांगितले. त्यांनी कागद घेऊन मला सगळे समजावले. आईला भूल द्यायच्या आधी मी तिला एवढे सांगितले की ती दोन मुले रक्ताच्या गटामुळे गेली, तिच्यात काही वाईट नव्हते, कोणाचा कोप नव्हता. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग डोळे मिटून पडून राहिली. मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती. तिच्या अंगात ती प्रतिपिंडे तयार झाली ती माझ्या जन्मामुळे, माझ्या रक्तामुळे. भावाच्या खात्यातून जे वजा झाले, ते माझ्या नावावरचे देणे होते. हे मी तिला शेवटपर्यंत सांगितले नाही. त्यात दोष कोणाचाच नव्हता हे मला कळते, तरीही.

लँडस्टायनरने या शोधाचे फळ पाहिले नाही. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच काम करताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी, २६ जूनला, तो गेला. मूल वाचवण्याचे उपाय त्याच्यामागून आले. नाळेतून बाळाचे रक्त थोडे थोडे काढून निगेटिव्ह रक्त भरण्याची पद्धत त्याच दशकात रुळली. पेशींना प्रतिपिंडे चिकटली आहेत का, हे ओळखणारी कूम्ब्सची तपासणी १९४५ साली केंब्रिजमध्ये निघाली. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफोर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी कातडी फिकी होते आणि झाकलेली पिवळीच राहते. त्यातून प्रकाशाचे उपचार आले. १९६८ साली अँटी-डी चे इंजेक्शन वापरात आले. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते दिले की बाळाच्या शिरलेल्या पेशींचा आईच्या रक्तातच निकाल लागतो आणि प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. हे औषध मुळात दात्यांच्या रक्तातूनच काढले गेले. आमच्या घराला ते नऊ वर्षे उशिरा आले.

त्याच्या तक्त्यात मुंबईनेही एक ओळ भरली आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना असे रक्त सापडले, जे नेहमीच्या तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाचे रक्तही त्याला चालत नसे. बॉम्बे रक्तगट म्हणून तो जगभर ओळखला जातो. लँडस्टायनरचा हिशेब चुकला नव्हता. त्यात एक रकाना वाढला.

२०१८ साली माझ्या सुनेचे दुसरे बाळंतपण पनवेललाच झाले. सूनबाई ओ निगेटिव्ह. पहिल्या खेपेपासून तिला वेळच्या वेळी इंजेक्शन मिळाले होते, रक्तात प्रतिपिंडे नव्हती. मी निर्धास्त होतो. पण नात जन्मली आणि दिवस उलटायच्या आत पिवळी दिसू लागली. तिला नवजात अतिदक्षता विभागात हलवले. काचेबाहेर उभे राहून माझे पाय लटपटत होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितले की आर-एच चा प्रश्न नाही. आई ओ आणि बाळ बी, म्हणून आईच्या प्रतिपिंडांमुळे काही पेशी फुटत आहेत. सहसा हे सौम्य असते, पण लक्ष ठेवावे लागते. म्हणजे १९४० सालच्या शोधाने तिला एका संकटातून वाचवले होते, आणि दुसऱ्याचे नाव १९०१ सालच्या तक्त्यात होते.

डोळ्यांवर पट्टी बांधलेली नात निळ्या उजेडात चार दिवस पडून होती. दर काही तासांनी टाचेतून थेंबभर रक्त घेत. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त ते किती, तीन किलोच्या बाळात साधारण पाव लिटर. म्हणून थेंबाचाही हिशेब. नवजात बाळाला कावीळ होतेच, म्हणून सोडून देणारे लोक आजही भेटतात. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, दूध न ओढणारे, झोपाळलेले बाळ यांना खिडकीतले कोवळे ऊन पुरत नाही. तडक दवाखाना गाठावा लागतो. काही बाळांच्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते. त्यांना दुपट्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्याही बाधतात. आणि निगेटिव्ह आईला केवळ बाळंतपणानंतरच नव्हे, तर गर्भपातानंतरही डॉक्टरांना विचारून इंजेक्शन द्यावे लागते. दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत रक्तगट पाहिला, तर यातले बरेचसे वेळीच कळते.

पाचवी आली ती नात विभागातच असताना. आमच्या घरी पाट मांडला नाही. संध्याकाळी मी काचेपाशी उभा राहिलो. पाळण्याला एक तक्ता लटकवला होता. आडवे रकाने, उभे रकाने, आणि त्यांत बिलिरुबिनचे आकडे. दुपारपासून आकडा उतरत होता. एका परिचारिकेने येऊन पुढच्या रकान्यात नवा आकडा लिहिला. मी चष्मा पुसून तो वाचला. आधीच्यापेक्षा कमी होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणले. आई तेव्हा नव्हती. फडताळातला तो कोरा कागदही केव्हाच कुठे गेला होता. बारशाला मी साऱ्या आळीला बोलावले, आणि ज्यांच्या घरात मूल दगावले होते त्यांच्याकडे बोलावणे करायला सगळ्यांत आधी स्वतः गेलो.